वर्ग शून्य, पण स्वतः शून्य नाही : अतिसूक्ष्म राशींची बीजगणिती मॉडेल्स हाताने करून शिका

भौतिकशास्त्र शिकताना एक मुभा वारंवार मिळते. एखादी राशी फार लहान असली की तिचा वर्ग सोडून द्यायचा. गणिताच्या तासाला ही मुभा नसते, तिथे लिमिट घ्यावी लागते. सिंथेटिक डिफरन्शियल जॉमेट्री या शाखेने ती मुभा नियम म्हणून स्वीकारली. या शाखेत वर्ग लहान असतो म्हणून सोडून देत नाहीत, तो शून्यच असतो. आणि तरीही ती राशी स्वतः शून्य आहे असं म्हणता येत नाही.

हे ऐकून पहिला प्रश्न पडतो, अशी संख्या असते तरी कुठे? बहुतेक नवे विद्यार्थी ती एखाद्या नव्या संख्यासंचात शोधायला जातात, आणि तिथेच अडकतात. या लेखात आपण तो शोध घेऊ, तो कुठे फसतो ते पाहू, आणि मग खरं उत्तर हाताने काढू. ते इतकं स्वच्छ आहे की ते पाहायला मिळावं म्हणूनच मी हा विषय नवख्यांना आग्रहाने सुचवतो.

लागणारी तयारी थोडी आहे : बारावीपर्यंतचं विकलन, बहुपदींचा गुणाकार, मॅट्रिक्सचा गुणाकार. "अल्जिब्रा" हा शब्द इथे एका ठरावीक अर्थाने येईल. वास्तव संख्यांनी गुणता येईल आणि आतल्या घटकांची आपसात बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येईल अशी रचना, जिच्यात गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं आणि जिच्यात १ आहे. एका अल्जिब्रातून दुसऱ्यात जाताना बेरीज, गुणाकार आणि वास्तव संख्या जपणाऱ्या चित्रणाला होमोमॉर्फिझम म्हणतात. वही-पेन्सिल जवळ ठेवा. हा विषय नुसता वाचून येत नाही.

पायरी १ : एकच नियम, स² = ०

"स" हे एक चिन्ह घ्या. अ + ब·स अशा जोड्या लिहा, जिथे अ आणि ब वास्तव संख्या आहेत. नेहमीसारखा गुणाकार करा आणि स² दिसला की तिथे ० लिहा :

(अ + ब·स)(प + म·स) = अ·प + (अ·म + ब·प)·स

यांना ड्युअल संख्या म्हणतात. विल्यम क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने १८७३ मध्ये त्या मांडल्या. पुढे जाण्याआधी एवढी उदाहरणं वहीत करा :

(३ + स)² = ९ + ६·स
(३ + स)³ = २७ + २७·स
१ ÷ (२ + स) = १/२ − स/४
√(४ + स) = २ + स/४

शेवटच्या दोन उत्तरांचा ताळा गुणाकाराने घ्या. आता स चे सहगुणक पाहा. क्ष² चं विकलज २·क्ष, आणि ३ पाशी ते ६. क्ष³ चं विकलज ३·क्ष², आणि ३ पाशी २७. कोणत्याही बहुपदी फ साठी

फ(क्ष + स) = फ(क्ष) + फ′(क्ष)·स

हे द्विपद विस्तारातून सरळ निघतं, कारण स² पासून पुढचं सगळं गळून जातं. वर लिहिलेला गुणाकाराचा नियम पुन्हा एकदा पाहा. पाठ केलेला (फ·ग)′ = फ·ग′ + फ′·ग हा नियम त्यातच बसलेला आहे. साखळी नियमही तुम्हीच काढा; फक्त (ग′·स)² = ० एवढं वापरायचं आहे. संगणकावर विकलज अचूक काढण्याची फॉरवर्ड मोड ही पद्धत नेमकी याच गुणाकारावर चालते.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. अ शून्य नसेल तरच अ + ब·स ने भागता येतं. स ने भागता येत नाही, कारण स·क = १ असा क असता तर दोन्ही बाजूंना स ने गुणून ० = स आलं असतं. अब्राहम रॉबिन्सन यांच्या नॉनस्टँडर्ड ॲनालिसिसमध्येही अतिसूक्ष्म संख्या असतात, पण तिथे त्यांचा व्यस्त घेता येतो आणि तो प्रचंड मोठा असतो. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण वेगळ्या आहेत. सुरुवातीच्या काळात त्यांचं एकत्र वाचन करू नका, गोंधळ होतो.

पायरी २ : समीकरणात स घालून वक्राला दिशा विचारा

माझ्या मते या विषयाची गोडी इथे लागते, म्हणून इथे जरा जास्त वेळ द्या.

वर्तुळ घ्या : क्ष² + य² = १. त्यावरचा एक बिंदू (अ, ब). तिथून अतिसूक्ष्म पाऊल टाकलं तर आपण (अ + प·स, ब + म·स) इथे पोचतो. हा नवा बिंदूही समीकरणात बसला पाहिजे. विस्तार केला की

अ² + ब² + २(अ·प + ब·म)·स = १

म्हणजे अ·प + ब·म = ०. दिशा (प, म) ही त्रिज्येला लंब. स्पर्शिका मिळाली, आणि लिमिटचं नावही घ्यावं लागलं नाही.

आता क्ष·य = ० घ्या. म्हणजे दोन अक्ष, एकमेकांना छेदणारे. आरंभबिंदूपाशी पाऊल (प·स, म·स). गुणाकार प·म·स², आणि तो आपोआप शून्य. म्हणजे प आणि म काहीही चालतात, आरंभबिंदूपाशी प्रत्येक दिशा स्पर्शदिशा ठरते. अक्षांवरच्या इतर कोणत्याही बिंदूपाशी मात्र एकच दिशा मिळते (करून पाहा). छेदबिंदू इतरांपेक्षा वेगळा आहे हे बीजगणिताने आपलं आपण ओळखलं.

पण दोन अक्ष आणि अख्खं प्रतल यांतला फरक ड्युअल संख्यांना त्या बिंदूपाशी दिसला नाही. मग थोडी लांब नजर घ्या. आता स² = ० म्हणू नका, स³ = ० म्हणा. घटक झाले अ + ब·स + क·स². आरंभबिंदूपासून पाऊल

क्ष = प·स + ब·स², य = म·स + न·स²

गुणाकार प·म·स², आणि आता स² शून्य नाही. म्हणून प·म = ०. प किंवा म यांपैकी एक शून्य असायलाच हवा. अक्षांची फुली उमटली!

य² = क्ष³ या टोकदार वक्रावर हाच प्रयोग करा. स² = ० असताना आरंभबिंदूपाशी सगळ्या दिशा चालतात. स³ = ० घेतलं की य² = म²·स² आणि क्ष³ = ०, म्हणून म = ०. फक्त आडवी दिशा उरते, आणि चित्र काढून पाहिलं तर टोकही आडवंच आहे. कोणती अतिसूक्ष्म राशी वापरायची याचं उत्तर एकच नसतं. जेवढं पाहायचं आहे तेवढा अल्जिब्रा निवडायचा.

पायरी ३ : जिथे शोध फसतो

सिंथेटिक डिफरन्शियल जॉमेट्रीचं मूळ गृहीतक कॉक आणि लॉव्हियर यांच्या नावाने ओळखलं जातं. विल्यम लॉव्हियर यांनी १९६७ मध्ये शिकागोत दिलेल्या व्याख्यानांत ही दिशा दाखवली. डेन्मार्कमधल्या ऑर्‌हूसच्या आन्डर्स कॉक यांनी १९७० च्या दशकात तिला नेटकं गृहीतकाचं रूप दिलं. ते असं : रेषेला र म्हणा. ज्यांचा वर्ग शून्य अशा तिच्यावरच्या सगळ्या ह चा समूह म्हणजे ड. मग ड पासून र पर्यंतचं प्रत्येक फलन ग,

ग(ह) = अ + ब·ह

याच रूपाचं असतं, आणि अ, ब ही जोडी एकमेव असते. म्हणजे ड एवढा छोटा आहे की त्यावरचा प्रत्येक आलेख सरळच असतो, आणि एवढा मोठा आहे की त्यावरून चढ नेमका वाचता येतो. तो चढ ब म्हणजेच विकलज.

मोह होतो की र म्हणून ड्युअल संख्याच घ्याव्यात. घेऊन पाहू. त्यात वर्ग शून्य असणारे घटक म्हणजे म·स या रूपाचे. पण मग चढ ब = स घेतला काय आणि ब = ० घेतला काय, ब·ह = ० हेच येतं, कारण स·(म·स) = ०. एकाच फलनाचे दोन चढ निघाले. एकमेवपणा गेला.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ग(०) = ०, आणि ह शून्य नसेल तर ग(ह) = १, असं फलन घ्या. गृहीतकानुसार ग(ह) = ब·ह. शून्य नसलेला एक जरी ह असला तर १ = ब·ह, आणि वर्ग केला की १ = ०. असा एकही ह नसला तर ड मध्ये फक्त शून्य उरतं, कोणताही चढ चालतो, आणि एकमेवपणा पुन्हा मोडतो. म्हणजे "ह शून्य आहे किंवा शून्य नाही" असं सरसकट म्हणून फलनाची व्याख्या करता येत असेल, तर हे गृहीतक कुठल्याच संख्यासंचात टिकत नाही. मोठा अल्जिब्रा घेऊन ही अडचण सुटत नाही. इथे बरेच जण विषय सोडून देतात. सोडू नका, पुढची पायरी हाच या विषयाचा गाभा आहे.

पायरी ४ : एका अल्जिब्रात शोधू नका, सगळ्यांना एकदम विचारा

र हा एक संच आहे हा आग्रह सोडा. त्याऐवजी प्रत्येक अल्जिब्रा क हा एक टप्पा आहे असं माना. त्या टप्प्यावर र म्हणजे क मधले सगळे घटक, आणि ड म्हणजे क मधले ज्यांचा वर्ग शून्य आहे तेवढे घटक. होमोमॉर्फिझमने एका टप्प्यावरून दुसऱ्यावर गेलं की वर्ग शून्य असणारा घटक तसल्याच घटकाकडे जातो, म्हणून ड चं रूप प्रवासात टिकतं. असा प्रत्येक अल्जिब्राला एक संच देणारा आणि प्रवास जपणारा नियम म्हणजे फंक्टर.

आता "ड पासून र पर्यंतचं फलन" याचाही अर्थ बदलला. ते प्रत्येक टप्प्यावर लागू पडलं पाहिजे, आणि टप्पा बदलून मग फलन लावा किंवा फलन लावून मग टप्पा बदला, उत्तर तेच आलं पाहिजे.

मघाचं त्रासदायक फलन या चाचणीला लावा. ड्युअल संख्यांच्या टप्प्यावर स शून्य नाही, म्हणून ग(स) = १. आता स ला ० कडे नेणारा होमोमॉर्फिझम लावा. १ हा १ च राहतो, पण स तर शून्य झाला, आणि ग(०) = ०. उत्तरं जुळली नाहीत. म्हणजे ते फलन इथे फलनच नाही. आपण काही मनाई केली नाही, ते आपणहून बाद झालं. शून्य की शून्येतर अशी ठाम विभागणी या जगात का चालत नाही, याचं कारण डोळ्यांसमोर आहे : आज शून्य नसलेला स पुढच्या टप्प्यावर शून्य होऊ शकतो.

आता मुख्य सिद्धता. कोणत्याही अल्जिब्रा क मधला, वर्ग शून्य असणारा कोणताही ह घ्या. ड्युअल संख्यांतून क मध्ये जाणारा, स ला ह कडे नेणारा असा एक आणि एकच होमोमॉर्फिझम असतो : अ + ब·स जातो अ + ब·ह कडे. म्हणजे जगातला प्रत्येक ह हा या एका स चाच पुढचा अवतार. मग फलन ग ला फक्त एकच प्रश्न विचारायचा, ग(स) किती? उत्तर ड्युअल संख्यांत आहे, म्हणून ते अ + ब·स याच रूपाचं असणार, आणि अ, ब ठरलेले. टप्पा बदलला की ग(ह) = अ + ब·ह.

झालं! पूर्ण गृहीतक सिद्ध झालं, चार ओळींत. सुरुवातच एखाद्या अल्जिब्रा क पासून केली तर अ आणि ब वास्तव संख्यांऐवजी क मधले घटक येतात, बाकी काही बदलत नाही. कॅटेगरी थिअरी शिकलेल्यांनी यात योनेदा लेमा ओळखला असेल. नसेल ओळखला तरी काही अडत नाही, सिद्धता तुमच्यासमोर पूर्ण आहे.

पहिली अडचण कुठे गेली? चढ स आणि चढ ० यांत फरक दिसत नव्हता, कारण आपण एकाच टप्प्यावरचे ह तपासत होतो. आता "प्रत्येक ह साठी" म्हणजे पुढच्या टप्प्यांवरच्या ह साठीही. ड्युअल संख्यांत आणखी एक नवं चिन्ह त घाला, त² = ०. तिथे स·त शून्य नाही. ह = त घेतला की दोन्ही चढ वेगळे पडतात.

या मॉडेलमध्ये "ड मध्ये शून्याशिवाय काही नाही" हे विधान खोटं आहे. तरीही शून्य नसलेला एक ह बोट ठेवून दाखवता येत नाही. वास्तव संख्यांच्या टप्प्यावर तर ड मध्ये फक्त ० आहे. हे दोन्ही एकत्र कसं खरं असू शकतं हा प्रश्न घेऊन वरचे दोन परिच्छेद पुन्हा वाचा, मग पुढे चला.

पायरी ५ : मोठं कुटुंब, वेलचे अल्जिब्रा

ड्युअल संख्या हे पहिलं उदाहरण झालं. अशा सगळ्या अल्जिब्रांचं वर्णन आन्द्रे वेल यांनी १९५३ मध्ये स्ट्रासबुर्गच्या परिषदेत मांडलेल्या "जवळच्या बिंदूं"च्या सिद्धांतात येतं. (हेच वेल १९३० ते १९३२ या काळात अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गणित शिकवत होते.) अट दोन भागांची आहे : मिती सान्त हवी (म्हणजे मोजक्या ठरावीक घटकांना वास्तव संख्यांनी गुणून आणि बेरीज करून सगळे घटक मिळावेत; अशा कमीत कमी घटकांची यादी म्हणजे पाया, आणि त्यांची संख्या म्हणजे मिती), आणि प्रत्येक घटक म्हणजे एक वास्तव संख्या अधिक एक शून्यघाती घटक, ज्याचा कोणता तरी घात शून्य होतो, अशी फोड व्हायला हवी.

पारख करून पाहा. स³ = ० वाला अल्जिब्रा चालतो. संमिश्र संख्या चालत नाहीत. त्यांच्या काल्पनिक एककातून कोणतीही वास्तव संख्या वजा केली तरी उरलेल्याचा घात कधी शून्य होत नाही. वास्तव संख्यांच्या जोड्या, घटकवार गुणाकारासह, त्याही चालत नाहीत : (१, ०) चा वर्ग पुन्हा (१, ०) च.

दोन चिन्हांचे दोन अल्जिब्रा नेहमी शेजारी ठेवून अभ्यासा. पहिल्यात स² = त² = ० एवढंच. त्याचा पाया १, स, त, स·त, मिती ४. दुसऱ्यात शिवाय स·त = ०, मिती ३. पहिल्यात (स + त)² = २·स·त, आणि हे शून्य नाही. वर्ग शून्य असणाऱ्या दोन राशींच्या बेरजेचा वर्ग शून्य असेलच असं नाही! नवख्यांची सर्वांत जास्त गणितं इथे चुकतात. त्या बेरजेचा घन मात्र शून्य आहे, तपासून घ्या.

मितीचा हा एक अंकाचा फरक मोलाचा आहे. दुसऱ्या अल्जिब्रात स्पर्शसदिशांची बेरीज होते. पहिल्यात दुसरं विकलज राहतं :

फ(क्ष + स + त) = फ(क्ष) + फ′(क्ष)·(स + त) + फ″(क्ष)·स·त

आणि दोन चलांच्या फलनात फ(क्ष + स, य + त) चा विस्तार केला तर स·त चा सहगुणक म्हणजे मिश्र आंशिक विकलज. कोणत्या चलाने आधी विकलन केलं याची त्या विस्तारात कुठे नोंदच राहत नाही.

पायरी ६ : साइन आणि घातांकी फलनाचं काय?

आतापर्यंत फक्त बहुपदी चालवल्या, कारण साध्या अल्जिब्राला बेरीज आणि गुणाकार एवढंच कळतं. साइनसाठी अल्जिब्राची व्याख्या वाढवावी लागते : प्रत्येक स्मूथ फलन (हवं तितक्या वेळा विकलन करता येणारं) ही त्यावरची क्रिया मानायची. अशा रचनांना सी-इन्फिनिटी रिंग म्हणतात. चांगली बातमी ही की वेलच्या अल्जिब्रांना वेगळं काही द्यावं लागत नाही. त्यांच्यात टेलरचा विस्तार मर्यादित पदांनंतर आपोआप थांबतो, म्हणून साइन(अ + स) = साइन अ + स·कोसाइन अ. आदामारच्या लेमामुळे फ(क्ष) = फ(०) + क्ष·फ′(०) + क्ष²·(स्मूथ फलन), म्हणून सगळ्या स्मूथ फलनांत क्ष² = ० केलं तरी पुन्हा ड्युअल संख्याच हाती येतात. पायरी ४ ची सिद्धता तशीच्या तशी चालते. एदुआर्दो दुबुक यांनी १९७९ मध्ये याच वाटेने एक टोपॉस, म्हणजे संचांच्या जगासारखंच गणित करता येईल असं एक जग, बांधला. त्यात नेहमीचे सगळे मॅनिफोल्ड (वक्र, पृष्ठभाग आणि त्यांची जास्त मितींची रूपं) आणि त्यांच्यातली स्मूथ चित्रणं जशीच्या तशी बसतात, आणि ड ही असतो. टोपॉसचं तंत्र नंतर शिकलं तरी चालेल. आधी वहीतली गणितं हातात बसू द्या.

शेवटचा सराव : मॅट्रिक्स

एकक मॅट्रिक्सला १ म्हणू. कोणताही चौरस मॅट्रिक्स म घेऊन १ + स·म चा निश्चयक काढा. उत्तर १ + स·(म च्या मुख्य कर्णाची बेरीज). २×२ साठी पूर्ण लिहून करा, ३×३ आपोआप सुचेल. निश्चयक १ असणाऱ्या मॅट्रिक्सच्या समूहाला एकक मॅट्रिक्सपाशी कोणत्या स्पर्शदिशा आहेत, त्याचं उत्तर लगेच मिळतं : ज्यांच्या कर्णाची बेरीज ० आहे त्या.

मग पायरी ५ मधला चार मितींचा अल्जिब्रा घ्या आणि दोन मॅट्रिक्स म, न. हा गुणाकार शांतपणे करा :

(१ + स·म)(१ + त·न)(१ − स·म)(१ − त·न)

पहिल्या दोन कंसांतून १ + स·म + त·न + स·त·म·न. शेवटच्या दोनांतून १ − स·म − त·न + स·त·म·न. या दोहोंचा गुणाकार करताना म आणि न यांचा क्रम बदलू नका, आणि स² किंवा त² दिसला की तिथे ० लिहा. स ची आणि त ची एकेरी पदं एकमेकांना खोडतात, आणि उरतं

१ + स·त·(म·न − न·म)

कंसातली राशी म्हणजे ली ब्रॅकेट. हेच गणित तीन मितींच्या अल्जिब्रात करा, जिथे स·त = ०, आणि उत्तर फक्त १ येईल.